धर्मशाळेचं कुलूप

पेणला आमच्या दारासमोर जुनी धर्मशाळा आहे. दारावर दगडात कोरलंय, 'वाटसरूंसाठी सदैव खुली'. मी नुसती खिडकीत तांदूळ निवडत बसले, तरी सुपात खड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. लोक भोचक म्हणतात. म्हणू देत!

*

आधी तिथं रेशन दुकान घुसवलं. खाडीकडची मीठवाली म्हातारी ओट्यावर टेकली, तर दुकानदार खेकसला, "कार्ड कुठाय?"

म्हातारी म्हणाली, "बूड टेकायलापन कार्ड लागतंय काय रं?"

*

मग डोलवीच्या स्टील कारखान्यात शिफ्टला जाणारी यूपीची पोरं राहायला आली. ओटा झाडायची, मला मावशी म्हणायची. आळीतल्यांनी ओरड केली, "बाहेरची माणसं नकोत!"

माझं डोकंच फिरलं. "धर्मशाळेत काय घरची माणसं राहतात?"

पण पोरांना काढलंच!

*

पुढे वाचनालयाचं उद्घाटन झालं. फीत, पेढे, फोटो! मी विचारलं, "पुस्तकं?"

"ती पुढच्या फंडात, मावशी!"

कपाटं तेवढी आली. त्यात आमच्या कोंबडीनं अंडी घातली.

*

शेवटी आळीतल्या जनूभाऊ मूर्तिकारांनी तिथं गणपतीचा कारखाना टाकला. कौलं चाळली, दार सताड उघडलं. आमच्याकडं घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच पाटावर आपली मूर्ती बसते. आळीभरचे पाट तिथं.

आणि ऐन सणाच्या तोंडावर नगरपालिकेच्या ऑफिसातून नवे साहेब आले. "इमारत ऐतिहासिक आहे. रिकामी करा. इथं सेल्फी पॉइंट होणार."

जनूभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, रंग ओले हायत. मूर्ती हलवल्या तर वर्षाची कमाई भंगेल. चतुर्थीपर्यंत थांबा."

"नियम म्हणजे नियम!"

मी खिडकीतून ओरडले, "अहो, आत देव आहेत!" कोण ऐकतंय? गणपतींसकट दार बंद, कुलूप, वर साहेबांच्या सहीचं सील. जनूभाऊ ओट्यावर बसून राहिले. मी भाकरी नेली, ती तशीच परत आली.

*

चतुर्थीच्या आदल्या दिवशी साहेबांची जीप पुन्हा दारात! या वेळी बाईसाहेबही उतरल्या. हातात तबक, मूर्तीवर घालायला लाल रुमाल.

"जनूभाऊ, आमचा बाप्पा तयार ना? ज्येष्ठातच पाट देऊन गेले होते."

साहेब चमकले. "इथं? मला बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

जनूभाऊंनी दाराकडं बोट केलं. बाईसाहेबांनी सील वाचलं. सही वाचली. मग नवऱ्याकडं जे बघितलं!

साहेब हळूच माझ्या खिडकीखाली आले. "ताई, किल्ली ऑफिसात राहिली. हातोडा मिळेल का?"

तो मी जीप वळली तेव्हापासून पदराखाली घेऊनच उभी होते.