माझा वाक्यात उपयोग

"उभी राह्य. हो, तूच. मागची."

मी उभी राहिले. यवतमाळच्या आमच्या क्लासमध्ये नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेतात. इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले होते. टूरिस्ट, ट्रॅव्हलर, नोमॅड, व्हॅगाबाँड. चारही फिरणारेच. मग फरक काय? परीक्षेत हेच विचारतात आणि आम्ही पोरं तिथंच पडतो. सरांची पद्धत अशी की अर्थ पाठ करून घ्यायचे नाहीत. एकेका शब्दासाठी वर्गातला एकेक माणूस उभा करायचा. माणूस लक्षात राहतो, त्याच्यामागून शब्द राहतो. मला ती पद्धत आवडायची. त्या दिवसापर्यंत.

टूरिस्ट म्हणून एका डॉक्टरांचा मुलगा उभा केला, तो घरच्यांसोबत दुबई पाहून आलेला. ट्रॅव्हलर म्हणून बुलेटवाला, लडाखला जाऊन आलेला. दोघंही ऐटीत. मग मी.

"गाव?"

"महागावकडचा तांडा, सर."

"तांडा! म्हणजे बंजारा. झालं, ही नोमॅड." मग थांबले. माझ्या चपलेपासून ओढणीपर्यंत नजर फिरवली. "नाही, नाही. नोमॅडजवळ निदान आपली जनावरं असतात. ज्याले घर ना दार, काम ना धंदा, पोलीस ज्याले रस्त्यात हटकते, तो व्हॅगाबाँड. हिच्याकडे पाहून घ्या. परीक्षेत विसरणार नाही."

वर्ग हसला. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं. सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. "शी इज अ व्हॅगाबाँड." माझ्याकडे बघत म्हटलं सगळ्यांनी. परत म्हटलं. शेजारच्या पोरीनं मान खाली घातली, पण म्हटलं तिनंही. समोर स्टँडवर सरांचा मोबाइल चालूच होता. त्यांचे तास चॅनेलवर जातात.

मी बसले. बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

घर ना दार! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आमचं घर माझ्या आज्यानं बांधलेलं आहे. कपाशी आहे, तूर आहे. फाट्यावर एसटी थांबते, तिथं आमच्या तांड्याची पाटी आहे. तांडा म्हणजे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणारा जथा, हे खरंच. पण ते बैल केव्हाचे थांबले. आम्ही शेती करतो, नाव तेवढं जुनं राहिलं. हे सगळं मला तिथं बोलता आलं असतं. तोंडातून शब्द निघाला नाही. याचाच राग राग होत होता. खोलीवर जेवण जाईना, वाचायला बसलं की पानावर तेच वाक्य.

शनिवारी तीजेसाठी घरी गेले. तीज आमच्या पोरींचा सण. टोपल्यांत गहू पेरायचे, पाणी घालायचं, कोंब आले की त्यांच्याभोवती फेर धरून गायचं. बायका गाणं जागच्या जागी जोडतात. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न जमलं, ज्याचं कौतुक त्याचं नाव गाण्यात. गाण्यात येणं म्हणजे तांड्यानं दिलेला मान.

माझ्या आधी सरांच्या चॅनेलवरची माझी रील तिथं पोचली होती. रीलमध्ये मराठी नव्हतंच. फळा, उभी असलेली मी आणि वर्गाचा तो एक सूर. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, घरोघरी जाऊन ती दाखवली होती. शहरातली एवढी पोरं आपल्या पोरीविषयी एका आवाजात इंग्रजी बोलतात, म्हणजे चांगलंच बोलत असणार. तिला दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

फेर सुरू झाला. काकी पुढे होती. तिनं ओळ उचलली, "हामार छोरी व्हॅगाबाँड छ!" आमची पोरगी व्हॅगाबाँड आहे. बायकांनी टाळ्यांवर धरून ठेवली. सगळ्यांत मोठा आवाज याडीचा.

अंगाचा नुसता भडका उडाला. मी फेरात घुसले, काकीचा हात धरला. "बंद करा हे!" आणि अर्थ सांगितला, आमच्याच बोलीत. घर नसलेली. काम नसलेली. पोलिसांनी हटकावी अशी.

गाणं थांबलं. याडीचा टाळीला उचललेला हात तसाच राहिला.

"आन् म्या गायलं ते?" एवढंच म्हणाली. मग टोपल्यांपाशी खाली बसली आणि तोंडाला पदर लावला.

तांड्याचे नायक जवळ आले. तांड्याचा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. म्हणाले, "जाऊ दे बेटा. मोठ्या माणसाच्या तोंडी कायले लागतं? पह्यले परीक्षा होऊ दे." मायेनं बोलले. पण मला कळलं, आमच्यात हेच चालत आलंय. जाऊ दे, जाऊ दे म्हणत आम्ही किती जाऊ दिलं. माझ्या आईनं मला शिवी गायली, तीही सणाला, हसत. हे मी जाऊ देणार नव्हते.

सोमवारी सर फळ्याकडे वळायच्या आत मी उभी राहिले. पहिल्या बाकाशी.

"सर, माझी माफी मागा. सगळ्यांसमोर, आन् मोबाइल चालू ठेवून."

"अरे, मजाक होता तो! रील काढून टाकतो ना. आय रिग्रेट इट. झालं? बस आता."

"नाही झालं, सर. रिग्रेट आन् अपॉलोजाइज, फरक तुम्हीच शिकवला. रिग्रेट म्हणजे झालं ते वाईट झालं. कोणं केलं, ते सांगावं नाही लागत. अपॉलोजाइजमध्ये 'मी केलं' येते. मले तो शब्द पाहिजे."

कोणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल. "बसतं का बाहेर जातं?"

"दोन्ही नाही."

रील सरांनी त्याच दिवशी काढून टाकली. शब्द अजून आलेला नाही. सर शिकवतात, मी पहिल्या बाकाशी उभी असते. वही हातावर धरून सगळं उतरवून घेते, कारण परीक्षा मी सोडलेली नाही, देणारच आहे. पोटऱ्या दुखतात. शेजारच्या त्या पोरीनं काल हळूच विचारलं, "कवापर्यंत उभी राह्यशीन वं?"

पुढच्या तीजेला याडीला गाण्यात घालायला मी दुसरा इंग्रजी शब्द नेणार आहे. तो या माणसाच्या तोंडून निघालेला असेल. उभं मला त्यांनी केलं. आता तो शब्द ऐकल्याशिवाय मी बसणार नाही.