पाच बोटं जास्तीचा तांदूळ

आमच्या वहिनीला गणित येत नाही, असा तिच्या शाळेचा निकाल आहे. सातवीत नापास झाली, तीही गणितात. ज्या मास्तरांनी तिला नापास केलं त्यांना एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवावं, असं मला फार वाटतं. बाई शर्टांच्या कारखान्यात काजं करते, नवरा गोदामात माल चढवतो-उतरवतो. त्या दोन पगारांत पाच माणसं बारा वर्षं पोटभर जेवतात आणि कुणाचं एका पैशाचं देणं नाही. हे गणित सोडवा म्हणावं, मास्तर! तोंडाला फेस येईल.

तिसरा कमावता मी. मी रंगारी आहे. काम असेल तर ऐट, नसेल तर दादाच्या ताटात. म्हणून वहिनी माझी कमाई हिशेबात धरतच नाही. आली तर तेल-साबणाला, नाही आली तर नाही. मला याचा राग येतो, पण तिचं चुकत नाही हेही कळतं.

पंधरा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा आमचं घर दोन शब्दांवर चालायचं: "लिहून ठेवा." किराणावाला लिहून ठेवायचा, दूधवाला लिहून ठेवायचा, औषधवालासुद्धा. महिन्याच्या शेवटी आम्ही रस्ते बदलायचो. मोठ्या रस्त्यावर ही सगळी दुकानं ओळीने, म्हणून घरी यायचं ते मागच्या गल्लीतून. तिथे गटाराच्या कडेने, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून चालावं लागायचं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि ती गल्ली मला डोळे मिटून चालता यायची.

लग्नाला आठवडा झाला नाही तोच दादाने तिलाही तिथून आणलं. तिने विचारलं, "मोठा रस्ता सोडून इकडून का?"

"जवळ पडतं," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्हीकडून पावलं मोजली. रस्त्याने दोनशे भरली, गल्लीने साडेचारशे. संध्याकाळी तिने दादाला आकडे सांगितले. दादा मग सगळं बोलला. कुणाचं किती, कधीपासून.

ते फेडायला तिला तीन वर्षं लागली. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, भर गर्दीत, तिने आम्हा सगळ्यांना मोठ्या रस्त्याने फिरायला नेलं. घ्यायचं काही नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालायचं आणि परत यायचं. आई तर प्रत्येक दुकानापुढे थांबून आत डोकावत होती. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "आता हे दोन शब्द या घरात कुणी बोलायचे नाहीत. आणि त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही."

पाऊल टाकलं नाही कुणी. त्यासाठी तिने पद्धतच तशी बसवली. पगार दहा तारखेला. त्याच दिवशी महिन्याचा तांदूळ रोख आणायचा आणि उंच पत्र्याच्या डब्यात भरायचा. डब्यावर आतून आठवड्याच्या रेघा, लाल रंगाच्या, माझ्याच हातच्या. त्या मारताना तिने मला तीनदा पुसायला लावल्या, अर्ध्या बोटाचा फरक होता म्हणून. शेजारी पातेलं आणि प्रत्येकाचं वेगळं माप. दिवसभरात ज्याने त्याने आपल्या सोयीने आपलं माप भरून पातेल्यात टाकायचं. संध्याकाळी आई तो तांदूळ धुऊन शिजत घालणार. मला कमी पडलं, त्याला जास्त मिळालं, ही कुरबुर त्या दिवसापासून बंद झाली. आणि दर रविवारी सकाळी वहिनी डब्यात हात घालून तांदूळ रेघेशी बोटांनी ताडून बघणार. आठवड्याला दहा बोटं उतरायला हवीत. दहा म्हणजे दहा.

यंदा कारखान्याने घात केला. माल पडून आहे, पगार पंधरा दिवस उशिरा, म्हणजे पंचवीस तारखेला होईल असं मालकाने सांगून टाकलं. वर त्याच पडून राहिलेल्या मालाच्या दुरुस्तीसाठी रोज दोन तास जास्त काम. दादाचा पगार घरभाड्यात आणि पुतणीच्या फीमध्ये जायचा. माझे ब्रश महिनाभर कोरडे पडले होते.

वहिनीने सगळ्यांना बसवून सांगितलं, "अडीअडचणीचा म्हणून ठेवलेला तांदूळ डब्यात ओतलाय. पंचवीस तारखेपर्यंत बरोबर पुरतो. काटछाट डाळीत, तेलात, साखरेत होईल. भाताच्या मापाला हात लावायचा नाही. कामाची माणसं आहोत, पोट भरलेलं पाहिजे."

"आणि पंचवीसला नाही झाला पगार?" दादाने विचारलं.

तिने डब्यावर झाकण ठेवलं. डबा रिकामा झाला की किराणावाल्याची वही होती आणि ते दोन शब्द होते.

पहिला रविवार गेला. दुसऱ्या रविवारी डब्यात हात घालून ती तशीच उभी राहिली. मग पुन्हा बोटं लावली. मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, चप्पल घाला."

"कुठे जायचंय?"

"घाला म्हटलं ना!"

तिचं पित्त खवळलं की प्रश्न विचारायचे नसतात. मोठ्या रस्त्याने ती पुढे, मी मागे, असे आम्ही थेट किराणावाल्याच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत तिने विचारलं, "काका, आमच्या घरातलं कुणी या आठवड्यात उधारीवर तांदूळ नेलाय का? खरं सांगा. या आमच्या भाऊजींनी नेला असेल तर त्यांच्या तोंडावर सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं मी त्या गल्लीकडे बघितलंसुद्धा नाही आणि चोर ठरायला मीच! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही उघडून तिच्यापुढे धरली.

"बघून घ्या. तुमच्या घराचं यात पानच नाही. आणि हवं असेल तर मी..."

"नकोय," वहिनी म्हणाली आणि पायरी उतरली.

घरात आल्या आल्या मी फुटलोच. "वहिनी, चारचौघांत माझी अब्रू काढलीस! झालंय तरी काय?"

"डब्यात पाच बोटं तांदूळ जास्त आहे," ती म्हणाली. "आपोआप वाढतो का तांदूळ? कुणीतरी बाहेरून आणून टाकल्याशिवाय जास्त होईल कसा? पाचातली दोन बोटं माझी धरली, तरी वरची तीन आली कुठून?"

दादा दाढी करत होता, तो अर्ध्या फेसासकट आत आला.

"दोन बोटं तुझी म्हणजे?" त्याने विचारलं.

वहिनीच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. तिने पदराने उगाच पातेलं पुसायला घेतलं.

टिकली, माझी पुतणी, वय वर्षं अकरा, आईवर गेलेली. तिने पाटीवर मांडलं: दोन आठवडे रोज अर्धंच माप टाकलं तर दोन बोटं. म्हणजे पहिल्या दिवसापासून वहिनी अर्ध्या मापावर होती! सकाळी सगळ्यांच्या आधी टाकून जायची, रात्री उशिरा येऊन झाकून ठेवलेलं जेवायची. कळणार कुणाला?

दादा खाली बघत म्हणाला, "एक बोट माझं असेल. सोमवारपासून अर्धंच टाकतोय."

"आणि एक माझं," आई म्हणाली. "म्हातारीला लागतं कितीसं? पण मी मेली समजत होते, माझ्या एकटीमुळे भात कमी पडतोय. म्हणून पाणी जास्त घालून तो फुगवत होते."

तरीच आठवडाभर भात गिच्च होत होता. तिसरं बोट कुणाचं हे मी सांगितलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

एकूण काय, आम्ही चौघं एकमेकांपासून लपवून पोटाला चिमटा काढत होतो आणि कमी भाताचं श्रेय जो तो स्वतःकडे घेत होता.

"मी नाही हं," टिकली म्हणाली. "मी रोज शिगोशीग भरून टाकते. तूच सांगितलं होतंस ना, मापाला हात लावायचा नाही म्हणून?"

दादा हसायला लागला, मग आई, मग मी. वहिनी हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता मला म्हणाली, "चुकले भाऊजी." मला ते ऐकवेना. त्या बाईने माझ्यापुढे चुकले म्हणावं, एवढी माझी लायकी नाही.

मग डोळे पुसून तिने पातेलं मधे ठेवलं आणि आपल्या देखत प्रत्येकाला माप टाकायला लावलं. तिचं माप मी भरलं, टिकलीसारखं शिगोशीग. तेव्हापासून आमच्याकडे सगळी मापं रविवारी एकदम, एकमेकांसमोर भरतात आणि सात पिशव्यांत बांधून ठेवतात.

पगार पंचवीसला झाला नाही. अठ्ठावीसला झाला. मधले तीन दिवस आम्ही त्या पाच बोटांवर काढले, पूर्ण मापाने, आणि अठ्ठावीसला डब्यात मूठभर तांदूळ उरला होता.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे तांदूळ आणायला निघालो. वहिनी पुढे, हातात रोख पैसे. कोपऱ्यावर टिकलीने माझा हात ओढला. गटाराच्या कडेला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, अंधारा बोळ दिसत होता.

"काका, ही गल्ली कुठे निघते हो?"

अकरा वर्षांची पोर, जन्मापासून याच वस्तीत वाढलेली.

वहिनीने ऐकलं. मागे वळून तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. आणि मान ताठ करून रस्त्याच्या अगदी मधून चालायला लागली.