डाव्या तळपायातला काटा

देवीचा अनुभव आला असं कुणी सांगायला लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याला नक्की काय पाहिजे? त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले आहे तर मला माझाच संशय येतो आहे. पण सासूबाई म्हणाल्या, "लिखी टाक, वं. तुन्हावर कोनी इस्वास ठेवो नही ठेवो." म्हणून लिहिते. जे झालं तेवढंच लिहीन, वर मीठमसाला लावणार नाही.

मी जन्माची संशयी. फैजपूरला माहेरी दूधवाला आला की मी पातेल्यात बोट बुडवून बघायची. लग्न होऊन चोपड्याला आले तर सासूबाईंनी आठवड्यातच ओळखलं. "तुले त देवना परसादमा बी खडा दिखस," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. पुढे मी विमान शिकायला लागले तेव्हा मात्र हा दुर्गुण मला दागिन्यासारखा मिरवता आला. विमानाच्या शाळेत संशयाला मान असतो. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून प्रत्येक स्क्रू चाचपायचा, टाकीतलं इंधन बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना ते उजेडाला धरून बघायचं, दुसऱ्याने बघितलं असलं तरी आपण परत बघायचं. एका इंजिनाच्या विमानावर माझे तास पूर्ण झाले, लायसन हातात आलं. पण चार्टर कंपन्यांना दोन इंजिनांचं विमान चालवणारा माणूस लागतो. म्हणून धुळ्याच्या बाजूला एका लहानशा धावपट्टीवर मी ते शिक्षण घेत होते. श्रावणातल्या त्या गुरुवारी माझी परीक्षा होती आणि ती झाली की मुंबईची एक नोकरी जवळजवळ ठरलेली होती.

दोन इंजिनांच्या विमानात मुख्य शिकायचं असतं ते एक बंद पडलं तर काय करायचं. आमचे कॅप्टन सर शिकवताना गुपचूप एका इंजिनाचा दांडा मागे ओढून ते मंद करायचे. विमान लगेच मेलेल्या इंजिनाकडे वळायला बघतं, ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूच्या पायाने पेडल जोरात दाबावं लागतं. म्हणजे जो पाय राबतो आहे त्या बाजूचं इंजिन जिवंत, आणि जो पाय रिकामा बसला आहे त्या बाजूचं मेलेलं. सर म्हणायचे, "आळशी पाय शोध. मग त्या बाजूचा दांडा मागे ओढून खात्री कर, काही फरक पडला नाही तर तेच मेलेलं. मग बंद कर." घाईत माणसं चांगलंच इंजिन बंद करतात आणि खाली येतात, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मला तोंडपाठ होतं.

आमच्या शाळेत नाना म्हणून एक वयस्कर मेकॅनिक होते, शिरपूरकडचे. काम सुरू करण्याआधी ते दोन्ही इंजिनांवर उघडा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कानबाईचं नाव घ्यायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही. हा माणूस यंत्र बघतो की देवी नाचवतो? श्रावण लागला त्या आठवड्यात मला डाव्या इंजिनाखाली तेलाचा एक ओघळ दिसला, आणि त्याच इंजिनाच्या तपासणीवर नानांची सही. मनात पाल चुकचुकली. मी नानांना एका शब्दाने विचारलं नाही. सरळ लेखी तक्रार दिली की हे नीट न बघताच सही करतात. शाळेने नानांना चौकशी होईपर्यंत विमानापासून दूर केलं आणि सामानाच्या खोलीत बसवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण बोलले काही नाहीत. मला वाटलं, चोर पकडला गेला की गप्पच बसतो. असं मला वाटलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्याच रविवारी घरी कानबाई बसली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या खान्देशात श्रावणातल्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून कानबाई मांडतात, नैवेद्याचे रोट करतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवतात. त्या सोमवारी सासूबाईंच्या डोक्यावर कानबाई होती आणि मी मागून अनवाणी चालत होते. चिखल, काचा, खिळे, सगळ्याचा संशय धरून डोळ्यात तेल घालून पायाखाली बघत होते. आणि नेमका नदीच्या उतारावर बाभळीचा काटा डाव्या तळपायात घुसला, बोटांच्या मागच्या फुगीर भागात. कळवळून मी खालीच बसले. मिरवणूक पुढे गेली.

तेवढ्यात एक म्हातारी शेजारी येऊन टेकली. फिकट लुगडं, कमरेला चंची. "बठ आठे. पाय दे," म्हणत तिने माझा पाय मांडीवर घेतलासुद्धा. आणि मी काय केलं? एका हाताने गळ्यातली पोत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने पर्स. तिने चंचीतून सुई काढली, कोरलं, काटा उपसला, बोटावर धरून बघितला आणि म्हणाली, "टोक मझार र्‍हाई गयं. र्‍हाऊ दे. येळ व्हयना का निंघी जाई." काट्याचं टोक आत ठेवून कुणी उठतं का? मला तर वाटलं, हिने मुद्दामच ठेवलं. ती गेल्यावर मी पोत दोनदा चाचपली. ती जागेवर होती. घरी विचारलं तर तशी म्हातारी कुणालाच आठवेना. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. गर्दीत शंभर म्हाताऱ्या असतात.

खरं म्हणजे पाय दुखतो हे मी शाळेत सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर परीक्षा पुढे गेली असती. म्हणून लपवलं. दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी मी, माझ्या स्वतःच्या बाबतीत ही अशी.

बुधवारी परीक्षेआधीचं शेवटचं उड्डाण होतं. शेजारी कॅप्टन सर. ढग वर होते, हवा बरी होती. चाकं सुटली, आत घेतली, जेमतेम सहाशे फूट चढलो आणि एकदम धाडकन आवाज होऊन विमान हेलकावलं. सरांनी काही केलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. एक इंजिन खरोखरच गेलं होतं. खाली कपाशीची शेतं, पुढे विजेच्या तारा. सर ओरडले, "डावं! डावं गेलं!" आणि माझा हात डाव्या दांड्याकडे गेलासुद्धा होता. कारण आठवडाभर माझ्या डोक्यात डावंच होतं, आणि माझ्या तक्रारीमुळे ते सरांच्याही डोक्यात बसलं होतं. नाक कुठे वळलं, कोणता पाय दाबला गेला, काही सुधरत नव्हतं. मनात एकच वाक्य घुमत होतं, मी म्हणत होतेच ना, मी म्हणत होतेच ना!

आणि त्याच क्षणी डाव्या तळपायातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. काटा! डावा पाय दुखतो आहे, म्हणजे डावा पाय दाबतो आहे. डावा राबतो आहे, तर आळशी उजवा. उजवा आळशी, तर मेलेलं उजवं! मी म्हटलं, "सर, उजवं." ते म्हणाले, "काय?" मी उजवा दांडा मागे ओढला. विमानाला काही फरक पडला नाही, आवाज तोच. सरांचा हात माझ्या हातावर आला, त्यांनी समोरच्या मीटरचे काटे बघितले आणि बारीक आवाजात म्हणाले, "बरोबर. उजवं." उजवं बंद केलं. मग ज्या डाव्या इंजिनाला मी आठवडाभर शिव्या घातल्या होत्या, त्याने एकट्याने आम्हा दोघांना वळसा घालून धावपट्टीवर आणलं. पूर्ण वेळ माझा पाय जळत होता आणि मी तोंडाने आई, आई म्हणत होते. कुठल्या आईला म्हणत होते ते मला माहीत नाही.

उजव्या इंजिनाचा आतला एक भाग तुटला होता, बाहेरून कुणालाही दिसला नसता. मी तशीच लंगडत सामानाच्या खोलीकडे गेले. नाना जुने नट वेगळे करत बसले होते. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "पाय का बरं ओढस?" मी रडायलाच लागले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, नको नको म्हणत असताना पाय हातात घेतला, आणि बारीक चिमट्याने एका झटक्यात टोक बाहेर काढलं. तिळाएवढं काळं. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"उना ना! का नही येवाव? दोन दिन घास गोड लागना नही." मग चिमटा पुसत म्हणाले, "पन तू घाबरेल व्हती. म्हनीसन मुख्य सायेबले सांगीसन, त्यासना समोर मी डावं परत उघाडं. एक सील खरंच झिजेल व्हतं. बदली टाकं." म्हणजे तो ओघळ खरा होता, आणि ज्या माणसावर मी आळ घेतला त्यानेच माझ्या भीतीपायी ते इंजिन नीट केलं होतं. "इंजिनवर खुशाल संशय धर, बेटा. मी बी धरस," नाना म्हणाले. "मानूसले मातर आधी इचारी पाहाय."

तक्रार मी त्याच दिवशी मागे घेतली आणि चूक लेखी कबूल केली. परीक्षा पुढे गेली, पास झाले, नोकरीही लागली. काटा त्या म्हातारीने ठेवला, की देवीने, की तो नुसताच मोडला, याची शहानिशा करायचा मला आता कंटाळा येतो. माझं शहाणपण मला आणि सरांना घेऊन खाली चाललं होतं, आणि ज्याच्या नावाने मी तीन दिवस कुरकुरत होते त्या दुखण्याने आम्हाला वर धरलं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आई, तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू?

यंदा श्रावणात सासूबाईंनी कानबाई माझ्या डोक्यावर दिली. नदीवर त्या म्हातारीला शोधायचं मनात होतं, पण डोक्यावर कानबाई असली की इकडेतिकडे बघता येत नाही, आणि पायाखाली तर नाहीच. नानांना मी आवर्जून बोलावलं होतं. ते पुढे चालत होते आणि मागे न बघता सांगत होते, "आठे दगड शे. आते डावीकडे. आते काई नही, ये." मी अनवाणी होते. ते म्हणतील तिथे पाय टाकत नदीपर्यंत गेले.