तीन मास्तर आणि एक ‘ग्रासियास’

भरवसा ठेवायचा तरी कोणावर, सांगा! ‘धन्यवाद’ला मोबाईलवर माद्रिदचा मास्तर ‘ग्राथियास’ म्हणतो, मेक्सिकोची बाई ‘ग्रासियास’. दोघंही छातीठोकपणे! हळद स्पेनला पाठवायची म्हणून मी म्हातारपणी स्पॅनिश शिकायला बसलो, अन् अशा गमतीजमती दुकानात हळदीपेक्षा जास्त साठल्या.

शिकणारे आम्ही तिघं. मी, शेजारचे टेलर रफिकभाई, अन् त्यांची पोरगी रेश्मा. सगळा माल एका ट्रकात भरायचा नाही, ही माझी व्यापारी सवय. म्हणून मास्तरही वाटून घेतले. मला माद्रिद, रफिकभाईंना अर्जेंटिना, रेश्माला मेक्सिको. महिन्याभरात आमचं आम्हालाच जुळेना!

*

माझं ‘ग्राथियास’ ऐकून रफिकभाई म्हणाले, “सेठ, जीभ दातात पकडून काऊन बोलून राह्यले? चावली तर आभार कोण मानन?”

*

मग कोंबडीची पाळी आली. रेश्मा म्हणे ‘पोयो’, रफिकभाई म्हणे ‘पोशो’. बापलेकीचं भांडणच लागलं! मी म्हटलं, “पुण्याचं केळं अन् आपलं केयं, साल सारखीच निघते ना? मंग शिजवा कोंबडी!”

*

एकदा मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर मी ऐटीत ‘ग्राथियास’ म्हटलं. त्यानं अख्खं घर गोळा केलं! “पुन्हा म्हणा ना! आमचे स्पेनहून आलेले जुने पाद्रीबाबा आठवले!” हळदीचं बोलणं राहूनच गेलं.

*

पुण्यात मी काळ्या मसाल्याला ‘काया मसाला’ म्हटल्यावर एक दुकानदार खो खो हसला. मीही हसलो. सोबत रेश्मा होती. परतताना एसटीत म्हणाली, “काका, माह्या स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत कोणी असंच हसलं तं?” पास झाली तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

*

परीक्षा ऑनलाइन, माझ्याच दुकानात. रफिकभाई बाहेर, हातातली टेप गुंडाळतात अन् सोडतात. स्क्रीनवरचे सर माद्रिद वळणाचे. रेश्मानं पाच म्हणायला ‘सिंको’ म्हटलं.

“थिंको! एक चूक,” सर हसले.

पुढे ‘ग्रासियास’.

“दोन!”

असं करत सर सातवर गेले. रेश्मानं ओढणी सावरली, पाणी प्याली अन् शांतपणे म्हणाली,

“सर, चुका मोजा, बिनधास्त मोजा. फक्त हिशोब खरा ठेवा. अख्ख्या मेक्सिकोचं बोलणं माझ्या एकटीच्या खात्यात टाकू नका!”