मुलाकडचे मोठे

"बोनेट मंग. पहिले बसून पाहू," असं म्हणत ते चपला बाहेर काढायचे आणि अनवाणी गाडीत शिरायचे. हात मांडीवर, डोळे मिटलेले. तुम्ही कधी गोंदियाहून मुर्रीच्या रस्त्याने गेला असाल तर तिथल्या टिनाच्या शेडखाली, एखाद्या बंद गाडीत हा पांढऱ्या केसांचा माणूस ध्यानाला बसलेला तुम्हीही पाहिला असेल. आम्ही त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचो.

माझी जुनी गाडी पाणी प्यायची. रेडिएटरच्या बाटलीत भरलेलं हिरवं कूलंट चार दिवसांत निम्म्यावर यायचं आणि जमिनीवर मात्र थेंब नाही. शहरातल्या दोघा मेकॅनिकांनी इंजिन खोलायचा सल्ला दिला होता. मिस्त्रींनी गाडीखाली जुने पेपर अंथरले, ते कोरडेच राहिले. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल दुधाळ झालं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता. पण रेडिएटरला पंपाने हवा भरली की दाबाचा काटा हळूहळू खाली यायचा. म्हणजे गळती होती.

"बाहेर नाही, इंजिनातही नाही," ते म्हणाले. "तं पानी गाडीच्या पोटातच कोठी तरी जाऊन राहिलं. लंबी फेरी पायजे, गुरुजी."

लांबची फेरी एकच ठरली होती. सालेकसाला, भाच्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. मी हे सहज बोलून गेलो आणि रविवारी सकाळी मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून दारात हजर झाले. माझी मोठी बहीण, म्हणजे मुलाची आई, मला आत घेऊन गेली आणि मुलगी पाहायला मेकॅनिक कोण नेतं, असं तिने विचारलं. तिचं बरोबरच होतं. भाच्याला आधीच दोन ठिकाणांहून नकार आले होते. पण गाडी वाटेत बंद पडली तर काय, असं मी म्हटल्यावर ती पदर सावरत गाडीत जाऊन बसली. मिस्त्री पुढे माझ्या शेजारी बसले. मागे ताई, भाचा आणि माझी बायको.

आमगाव यायच्या आधीच त्यांनी हिटर लावला, तोही पूर्ण. मार्च संपत आला होता. हिटरच्या जाळीतून गरम पाणी फिरल्याशिवाय चोर सापडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वास कळायला हवा म्हणून काचाही बंद ठेवल्या. ताईची पावडर ओघळली. भाच्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. पुढची काच आतून धुरकट होऊ लागली आणि जसजशी ती धुरकट होत गेली तसतसे मिस्त्री खुलत गेले.

सालेकसाला आम्ही पाचही जण वाफवलेल्या भाजीसारखे उतरलो. मुलीचे वडील शेतकरी, अदबीचा माणूस. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. सगळ्यांत पांढरे केस, कमी बोलणं, अनवाणी पाय, एवढ्यावरून त्यांनी मिस्त्रींना मुलाकडचे मोठे ठरवलं आणि पाय धुवायला पाण्याचा लोटा त्यांच्यापुढे धरला.

मिस्त्रींनी पाय मागे घेतला. "थांबा. धुवू नका."

मिस्त्रींचा डावा पाय घोट्यापर्यंत ओला होता. त्यांनी ते चिकट पाणी बोटावर घेऊन हुंगलं आणि मग बोट मुलीच्या वडिलांच्या नाकासमोर धरलं. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून त्यांनी हुंगलं. त्यांच्या भावानेही हुंगलं. ताईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हेही स्थळ गेलं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मुलगी बाहेर आली. काय चाललंय ते तिने पाहिलं, ट्रे खाटेवर ठेवला आणि पुढे येऊन तिनेही वास घेतला.

"गोड येऊन राहिला," ती म्हणाली. "आमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखा."

इतक्या वर्षांत मिस्त्रींनी कोणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"पोरगी आमाले पसंत आहे," ते म्हणाले. "पक्कं समजा."

मुलीच्या वडिलांनी हात जोडले. मोठ्यांनी शब्द दिला होता. आतून साखर आली. ताईचं तोंड उघडंच होतं, त्यात कोणीतरी साखर घातली. मी घाबरून भाच्याकडे पाहिलं. तो हसत होता. ती मुलगीही हसत होती, आणि बघत होती ती त्याच्याचकडे.

इंजिन निवल्यावर मिस्त्री बोनेटमध्ये शिरले. हिटरची जाळी फुटली होती. पाणी रबरी मॅटखालच्या फोममध्ये मुरायचं, म्हणून जमिनीवर थेंब पडत नव्हता. हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून त्यांनी एकमेकींना जोडल्या. मधल्या जोडाचा तुकडा आणि क्लिपा होणाऱ्या व्याह्यांच्या ट्रॅक्टरच्या पेटीतून मिळाल्या. गोंदियात हिटर कायले पायजे, असं ते मला म्हणाले. त्या दिवसापासून बाटलीतली पाण्याची रेघ हललेली नाही.

परतीच्या वाटेवर काचा उघड्या होत्या. शब्द द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असं ताईने त्यांना विचारलंच.

"ताई, दोन मेकॅनिकाले नाही समजलं ते तिले समजलं," ते म्हणाले. "आनखी काय पाहता?"

लग्नापर्यंत ताई त्यांच्याशी बोलली नाही. पण लग्नात पहिला आहेर त्यांनाच झाला. मुलीकडचे लोक मोठ्यांना शोधत होते आणि ते मांडवामागे कोणाच्या तरी जीपमध्ये डोळे मिटून बसलेले सापडले. पुढे दर दिवाळीला सालेकसाहून मोठ्यांसाठी म्हणून नव्या तांदळाची वेगळी पिशवी यायची. ती शेडवर पोचवायला सून स्वतः जायची. सोयऱ्यांना खरं सांगायचं आमचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री झोपेतच गेले. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. शेडच्या आजूबाजूचे दुकानदार आणि आम्ही मिळून सगळं केलं. तिसऱ्या दिवशी व्याही आमच्या घरी भेटायला आले. घरातलं मोठं माणूस गेल्यावर भेटायला येतात, तसे. आता तरी सांगून टाकावं, असं मला वाटलं.

"ते खरं म्हणजे आमचे..." मी सुरुवात केली.

"मोठे होते," ताई मध्येच म्हणाली.

व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.