मॉडरेटरला सगळा नकाशा दिसतो

मी जोगेश्वरीला राहतो. काही वर्षं एका ऑनलाइन युद्धखेळाचा मॉडरेटर होतो. खेळ छोटा, खेळणारे दीड-दोनशे. समोरच्याचं सैन्य कुठे लपलंय ते दिसत नाही, अंदाजानं चाल करायची. मॉडरेटरला मात्र भांडणं सोडवण्यासाठी सगळा नकाशा उघडता येतो. आम्ही दोघेच मॉडरेटर होतो. दुसरे मुलुंडचे एक काका, बँकेतून निवृत्त, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे. हा खेळ मला त्यांनीच शिकवला.

एकदा एका खेळाडूनं तक्रार केली. काकांचं सैन्य दरवेळी नेमकं त्याच्या लपवलेल्या तुकडीवरच येतं म्हणे. तक्रार खोटी ठरवायची म्हणूनच मी नकाशा कोणी कधी उघडला त्याच्या नोंदी काढल्या. सलग आठ डावांत काकांनी चालीआधी समोरच्याचा नकाशा पाहिला होता.

मी मुलुंडला गेलो. काकू चहा ठेवून आत गेल्या. मी काही बोलायच्या आधीच काका म्हणाले, "नोंदी बघितल्यास ना?"

"का केलंत काका?"

"डायलिसिसला चार तास एक हात हलवायचा नसतो. दुसऱ्या हातात फोन. पण हल्ली माझीच मागची चाल आठवत नाही रे. सगळे हरवतात मला." मग म्हणाले, "मॉडरेटर म्हणून काढ, डाव रद्द कर. फक्त ग्रुपवर नाव टाकू नकोस."

"बघतो," म्हणालो.

नियम होता, निर्णय सगळ्यांना कळवायचा. महिन्यापूर्वी फसवून खेळणाऱ्या दुसऱ्या एकाचं नाव आम्ही असंच जाहीर केलं होतं. मजकूर काकांनीच लिहिला होता. तीन दिवस घालवले आणि त्यांचंही नाव टाकलं. लोक तुटून पडले. 'थेरड्याची वाट लागली,' असं कोणीतरी लिहिलं. मी ते पुसेपर्यंत काकांनी वाचलं असणार.

ते पुन्हा खेळात आले नाहीत. मी फोन केला तो काकूंनी उचलला. "डायलिसिसला जाताना फोन घरीच ठेवतात आता. छताकडे बघत पडून असतात. येऊन जा ना एकदा."

नियम बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, पण त्यानं मन हलकं होत नाही.

पुढच्या रविवारी गेलो. काकांनी माझ्या नोकरीची, रस्त्यावरच्या खोदकामाची चौकशी केली. खेळाचा विषय दोघांनीही काढला नाही. पूर्वी ते लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. त्या दिवशी खुर्चीतूनच म्हणाले, "दार ओढून घे जाताना."