घंटेपर्यंतची धून

निघताना आईला सांगितलं, "उत्तनला जाऊन येते." ती लगेच खुर्चीचे हात धरून उठायला लागली. "थांब, मी पण येते. घरीच चाललीयस ना?"

पुण्यात येऊन आम्हाला किती वर्षं झाली, पण आईचं घर अजून उत्तनलाच आहे. तिथल्या शाळेत ती बाई होती. चर्चच्या मागच्या गल्लीत पास्कलकाकांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेऊन आम्ही राहायचो आणि मी तिथेच वाढले. आता आईची नजर गेली आहे. दिवसभर ती ठीक असते, चहात साखर कमी पडली तर मला बोलही लावते. दिवेलागण झाली की मात्र पदराशी चाळा सुरू होतो. "मंजू, घरी कधी जायचं गं? तिन्हीसांजेला लोकांकडे बसून राहू नये." मी सांगते, आई, हेच आपलं घर. ती मान डोलावते आणि थोड्या वेळाने परत तेच विचारते. एकदा तर चपला शोधत दारापर्यंत गेली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझा धंदा पार्श्वसंगीताचा. साबण, मसाले, मालिकेतल्या सासवा, सगळ्यांच्या मागे मी वाजते. म्हटलं, जगाला वाजवून देतेस, मग आईला का नाही? उन्हाळ्यातल्या संध्याकाळचं एक शब्दाविना संगीत करायचं आणि रोज दिवेलागणीला लावायचं. उत्तनच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटून तिचा जीव शांत व्हावा, एवढीच इच्छा. पंधरवडाभर खपले. बासरी घातली, संतूर घातलं, कोकिळासुद्धा घातली. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "गोड आहे हो. कुठल्या हॉटेलात आलोय आपण?"

झालं! त्यात एक धून मात्र खरी होती. पास्कलकाका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी ओट्यावर सराव करायचे. त्यातली एक धून मला पाठ होती, पण अर्धीच. पुढचं काही केल्या आठवेना. मी चार वेगवेगळे शेवट जोडून पाहिले आणि चारही खोटे वाटले. काका अजून आहेत असं कळलं, तशी धाकट्या बहिणीला आईजवळ ठेवलं, आवाज टिपायचं यंत्र पिशवीत टाकलं आणि निघाले.

काशीमीऱ्याला बसमधून उतरले तर ऊन नुसतं भाजत होतं. ट्रकांचे भोंगे, गॅरेजमधली ठोकाठोक, डोक्यावर मेट्रोचा पूल. माझ्या माइकवर वारा अडवायला केसाळ टोपडं असतं. रिक्षावाला आरशातून सारखा त्याच्याकडे बघत होता.

"मॅडम, बिल्ली है क्या?"

"माइक है. आवाज रेकॉर्ड करने का."

"इधर का आवाज?" समोरच्या डंपरने तेवढ्यात असा भोंगा दिला की आम्ही दोघं हसलो. "ये तो फुकट में ले जाओ!"

भाईंदर पश्चिमेला त्याने सोडलं. तिथून उत्तनची बस पकडली आणि खिडकी मिळाली. लहानपणी याच रस्त्याला मिठाचे पांढरे ढीग मोजता मोजता मी झोपून जायचे. आता मिठागरांच्या कडेला इमारती आल्यात. मुर्धा, राई मागे पडलं, रस्ता चढला आणि उतारावर तो वास आला. शेजारची कॉलेजातली मुलगी नाकाला ओढणी लावून बसली. मी मात्र खिडकीबाहेर तोंड काढून छाती भरून घेतला. सुकत्या बोंबलांच्या वासाने कुणाचे डोळे भरून येतात का? माझे आले.

किनाऱ्यावर वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव) अजून तशाच आहेत. पाऊस यायच्या आत वाळवण उरकायची घाई होती. बायका भराभर बोंबील काढून टोपल्या भरत होत्या. काही होड्या वर ओढून ठेवलेल्या. गल्ली ओळखू येईना इतके मजले चढलेत, पण पास्कलकाकांचं घर कौलारूच होतं, आणि ओटाही तोच. काका ओट्यावर गंजिफ्रॉकात बसून लसूण सोलत होते. मला बघून डोळे बारीक केले.

"बाईंची पोर ना गो तू? मंजू?"

"ओळखलंत कसं काका?"

"चालतेस तशीच, बाईंसारखी. जशी काय घंटा चुकली शाळेची." मग सून फिलोमिनाला हाक. "अगो, ताटं वाढ. पुण्यात खायला न्हाय मिळत यांना."

तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं आंबट कालवण आणि वर ताडगोळे. मी इतकं जेवले की फिलोमिना कौतुकाने पाहू लागली. आईबद्दल सगळं सांगितलं. काकांनी माझ्या ताटात आणखी एक ताडगोळा ठेवला. मग म्हणाले, "बाई घर शोधते ना? शोधनारच. आमच्या घराला पन बाई गेल्यापासून काय तरी कमी हाय."

मी ट्रम्पेटचा विषय काढला. फिलोमिनाने कपाटावरून पेटी काढून दिली. काकांनी ट्रम्पेट तोंडाला लावला, गाल फुगवले आणि फुस्स! नुसता वारा. पुन्हा फुंकलं, तर कवळीच हातात आली.

"दात गेले, बाजा गेला," ते म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मला हसू येईना. एवढ्या लांब आले आणि हात हलवत परत जायचं? मी ती धून गुणगुणले, जिथे तुटते तिथपर्यंत, आणि विचारलं, "काका, निदान तोंडाने सांगा. याच्या पुढे काय होतं?"

"पुढं?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "पुढं न्हाय काय."

"असं कसं? तुम्ही रोज वाजवायचात!"

"अगो, लग्नाची गानी वाजवून ओठ सुजायचे. मंग चर्चची सांजेची घंटा होईस्तोवर आपलं कायतरी वाजवीत बसायचो, मनचंच. घंटा झाली का हात जोडायचे, बाजा ठेवायचा. कदी लवकर व्हायची, कदी उशिरा. त्याला शेवट कुठनं येनार?"

मी कपाळावर हात मारला. चार शेवट! त्यातला एक तर मी व्हायोलिनच्या ताफ्यासकट केला होता. काकांना हे सांगितलं तर त्यांना ठसका लागला.

"आणि सुरुवात? सुरुवात तर रोज तीच असायची."

"ती माझी न्हाय. ती बाईंची." काकांनी लसणाची परडी बाजूला ठेवली, गल्लीकडे तोंड केलं आणि बाईमाणसाचा बारीक आवाज काढून हाक घातली, "मंजूऽऽ... घरी ये गंऽऽ... दिवे लागलेऽऽ!"

तीच चढण, तोच उतार, शेवटचा तोच लांब सूर. मी किनाऱ्यावर खेळत असायचे आणि आई दारात उभी राहून हाक मारायची. मी कुठची यायला! तिचा घसा दुखायचा म्हणून काका तीच हाक ट्रम्पेटवर द्यायचे, हे मला आत्ता कळत होतं. ट्रम्पेट पार पाण्यापर्यंत ऐकू जायचा. जन्मभर मी ज्याला धून म्हणत होते ती आईची हाक होती.

सूर्य कलला तसं मी ओट्याच्या कठड्यावर माइक मांडला. घंटा टिपायची होती, ती अजून रोज होते. कानाला हेडफोन लावून, यंत्रावरचे आकडे दिसेनात म्हणून मी आतल्या दिव्याचं बटण शोधत होते, तेवढ्यात कानात भयंकर खरखर झाली. वळून बघते तर एक बोका माझ्या माइकचं केसाळ टोपडं तोंडात धरून कौलावर चढलेला! फिलोमिना झाडू घेऊन धावली. "मेल्या, सोड! त्यात बोंबील न्हाय हाय!" बोक्याला ते पटलं नाही. टोपडं गेलं ते गेलंच, आणि समुद्रावरून भरारा वारा सुटला. उघड्या माइकमध्ये तो नुसता घोंघावत होता. मी चरफडत होते आणि त्याच क्षणी घंटा झाली. आधी तीन ठोके, मग थांबून पुन्हा तीन. गल्लीतून टोपली घेऊन चाललेली बाई जागच्या जागी थांबली. फिलोमिना झाडू घेऊनच उभी राहिली. काकांनी छातीवर क्रूस केला. शेजारच्या या घंटेवरच आमच्याकडे देवापाशी दिवा लागायचा, घड्याळ आई कधी बघायचीच नाही. मला तेव्हा आई शेजारी हवी होती.

दुसऱ्या दिवशी निघताना काकांनी सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं. "बाईंना सांग, पास्कूचा सलाम. आनि बाजा आता तू वाजव."

बसमध्ये पुडक्याच्या वासावरून दोन माणसांनी जागा बदलली. पुण्याला पोचले आणि बासरी, संतूर, कोकिळा सगळ्यांना घरी पाठवलं. ठेवलं ते थोडंच. निघायच्या सकाळी किनाऱ्यावर टिपलेलं होड्यांवर आपटणारं पाणी, टोपल्यांची सळसळ, माझ्या एका मित्राने ट्रम्पेटवर वाजवलेली ती हाक, थोडी मनाने वाहत गेलेली, आणि मध्येच घंटा. घंटेनंतर फक्त वारा. तो काढून टाकायचा मी खूप प्रयत्न केला, निघेना, राहू दिला.

दिवेलागणीला लावलं. आईचा पदराशी चाळा चालूच होता. "वारं सुटलंय," ती एकदम म्हणाली. "ओट्यावरचे पापड आत घे गं." मग ट्रम्पेट आला आणि तिचे हात थांबले. घंटा झाली, तसे तिने हात जोडले. वारा घोंघावत राहिला आणि आता ती विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

तिने विचारलं नाही. तोंड दाराकडे वळवलं आणि पातळ झालेल्या आवाजात हाक मारली, "मंजूऽऽ... घरी ये गंऽऽ... दिवे लागलेऽऽ!"

मी तिच्या पायाशीच बसले होते.

"आले गं आई," मी म्हटलं.

"आलीस? पाय धू आधी," ती म्हणाली आणि खुर्चीत निवांत मागे टेकली.